भट्टीची लहर

दोस्तांनो, कुल्हडातला चहा कधी प्यायलात का? नसाल, तर एकदा प्याच. मातीच्या त्या कोऱ्या पेल्याला ओठ लावले की ओठ किंचित चिकटतात, चहाला पहिल्या पावसाचा वास येतो, आणि गप्पा मारत बसलात तर थोड्या वेळाने पेला बाहेरूनही दमट लागायला लागतो. म्हणजे चहा तुम्हीही पीत असता आणि पेलाही पीत असतो!

असं का होतं? कारण कुल्हड कमी भाजलेला असतो. आपल्याकडचा कुंभार सुकलेली गाडगी-मडकी रचतो, मध्ये मध्ये गोवऱ्या, काटक्या, भुसा भरतो, वरून राख-माती लिंपतो आणि आवा पेटवतो. आव्यातली उष्णता साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. तेवढ्यात माती पक्की होते, पाण्यात विरघळत नाही. पण तिच्यातली बारीक बारीक छिद्रं तशीच राहतात. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं ते याच छिद्रांच्या कृपेनं, बरं का!

ही छिद्रं बुजवायची असतील तर माती आणखी तापवायला हवी, १२०० अंशांच्याही वर. मग तिच्यातला काही भाग काचेसारखा वितळतो आणि छिद्रं भरून काढतो. पण लाकडाच्या आगीवर तिथवर पोचायचं म्हणजे भट्टी कुंभाराचं ऐकेनाशी होते. आजची गोष्ट आहे अशाच एका लहरी भट्टीची, तिच्यातून निघणाऱ्या चहाच्या वाडग्यांची आणि तिच्याशी झुंजणाऱ्या एका बाईची. त्यासाठी आपल्याला जायचंय जपानला.

शिगाराकीची माती

जपानमध्ये बिवा नावाचं एक प्रचंड सरोवर आहे, देशातलं सगळ्यात मोठं. त्याच्या दक्षिणेला डोंगरांत शिगाराकी हे कुंभारांचं गाव आहे. जुन्या काळच्या सरोवराच्या तळाशी साठलेली माती इथं मिळते. ती काही मऊ, गुळगुळीत नसते. तिच्यात गारेचे पांढरे खडे असतात. मातीकाम इथं शेकडो वर्षं चालत आलंय. गावात दुकानोदुकानी तानुकी नावाच्या प्राण्याचे मातीचे पुतळे उभे असतात: ढेरपोटे, डोक्यावर टोपी, चेहरा मिस्कील. १९५१ साली जपानचे सम्राट या गावाला आले, तेव्हा त्यांच्या स्वागताला रस्त्याच्या कडेनं या तानुकींच्याच हातात झेंडे देऊन रांग लावली होती म्हणे!

पण आपल्याला हवाय तो वाडगा. जपानी लोक हिरव्या चहाची पूड वाडग्यात घालतात, गरम पाणी ओततात आणि बांबूच्या छोट्या रवीसारख्या कुंच्यानं घुसळून फेस आणतात. वाडग्याला कान नसतो. तो दोन्ही हातांच्या ओंजळीत धरायचा. चहा पिऊन झाला की पाहुणा वाडगा फिरवून फिरवून न्याहाळतो: रंग कुठे बदलला, काठ कुठे वाकला, राख कुठून ओघळली. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) नावाचे चहाचे मोठे गुरू होऊन गेले. झगझगीत, महागड्या भांड्यांपेक्षा साधी, ओबडधोबड भांडी त्यांना आवडायची. तेव्हापासून अशा वाडग्यांचा मान जो वाढला तो आजतागायत.

आता भट्टी. हिचं नाव आहे अनागामा. डोंगराच्या उतारावर अर्धी जमिनीत पुरलेली, लांबट, कमानीच्या छताची. एखादी म्हैस उतारावर पाय पोटाशी घेऊन बसावी ना, तशी दिसते. खालच्या टोकाला तोंड, तिथं लाकूड घालायचं. वरच्या टोकाला धुरांडं. मध्ये एकच लांब खोली, तिच्यात भांडी. आग आणि भांडी यांच्यामध्ये भिंतबिंत काही नाही. ही पद्धत साधारण पाचव्या शतकात कोरियातून जपानात आली.

पुढे सोयीच्या भट्ट्या निघाल्या. अनेक खोल्यांच्या आल्या, मग तेलाच्या, गॅसच्या, विजेच्या. बटण फिरवा, हवं तेवढं तापमान मिळवा. भुयारासारखी ही जुनी भट्टी मागे पडली. आणि तिच्याबरोबर मागे पडली एक खास चीज. जुन्या शिगाराकी भांड्यांवर एक हिरवट, पारदर्शक काच ओघळलेली दिसते. ती कोणी रंगवलेली नसते. लाकडाची राख उडून भांड्यावर बसते आणि तिचीच काच होते! जपानी लोक या हिरव्या थेंबाला ‘बीदोरो’ म्हणतात. हा शब्द मूळचा पोर्तुगीज; पोर्तुगीजमध्ये काचेला ‘विद्रू’ म्हणतात. पोर्तुगीज गोव्यात आले तसे जपानातही गेले होते. आपण ज्याला पाव म्हणतो त्याला जपानी लोक ‘पान’ म्हणतात, तोही त्याच पोर्तुगीजांचा. आहे की नाही गंमत?

कियोकोबाई

कोयामा कियोको यांचा जन्म १९३६ सालचा, नागासाकी प्रांतातल्या सासेबोचा. (जपानात आडनाव आधी लावतात, म्हणून आपण त्यांना कियोकोबाई म्हणू या.) लहानपणीच त्या घरच्यांबरोबर शिगाराकीला आल्या. मोठ्या झाल्यावर मातीकामाच्या कारखान्यात भांड्यांवर चित्रं रंगवण्याचं काम करू लागल्या. पुढे त्यांनी स्वतःची भांडी घडवायला सुरुवात केली. तेव्हा गावात ही पुरुषांची कामं समजली जायची. भट्टीपाशी तर बायकांनी फिरकूच नये असा जुना दंडक. तो कियोकोबाईंनी मोडला. गावात सापडणाऱ्या जुन्या खापरांवरचा हिरवा रंग त्यांच्या मनात भरला होता, आणि कोणतीही झिलई न लावता, नुसत्या राखेतून तो परत आणायचा असं त्यांनी ठरवलं. घरात पैशांची चणचण, दोन मुलांना एकटीनं वाढवायचं, आणि ही बाई दारात अनागामा बांधून बसली!

त्यांनी काय अंगावर घेतलं होतं हे कळायला आपल्यालाही अशी एक भट्टी लावून बघायला हवी. खरी नाही हं, मनातल्या मनात. चला तर.

समजा, सहा महिने खपून तुम्ही वाडगे केलेत. ते सावलीत पूर्ण सुकवायचे. जरा जरी ओल राहिली तरी घात होतो. कारण पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. वाडग्याच्या भिंतीत अडकलेल्या वाफेला ती मिळत नाही. मग फट्! वाडगा फुटतो आणि त्याच्या ठिकऱ्या शेजारच्या पाच वाडग्यांत जाऊन पडतात.

मग भट्टी भरायची. वाकून, रांगत आत शिरायचं आणि एकेक भांडं मांडायचं. हे काम कपाटात डबे लावण्यासारखं मुळीच नाही. आग नदीसारखी वाहते. वाटेत मोठा रांजण आला तर त्याला वळसा घालते; म्हणजे रांजणाची एक बाजू राखेनं माखणार आणि त्याच्या आडोशाला ठेवलेला वाडगा कोरा राहणार. तोंडाजवळची भांडी सगळ्यात जास्त तापणार, निखाऱ्यांत गाडली जाणार. मागची त्यामानानं थंड राहणार. म्हणजे वाडग्याचा निम्मा रंग तुम्ही तो कुठे ठेवलात यावरच ठरतो. प्रत्येक वाडग्याखाली मातीच्या चार गोळ्या ठेवायच्या, नाहीतर वितळलेली राख त्याला जमिनीला चिकटवून टाकेल. काही ठिकाणी गोळ्यांऐवजी शिंपले ठेवतात आणि वाडग्याच्या बुडावर शिंपल्याची नक्षी उमटते.

दार विटांनी बंद करायचं. आणि पेटवायची.

पहिला दिवस अगदी कंटाळवाणा. तोंडाशी एवढीशी आग ठेवायची, शेकोटीएवढी. अर्धी जमिनीत असलेली भट्टी पावसाळ्यानंतर ओली झालेली असते, ती आधी कोरडी व्हायला हवी. मग हळूहळू वर चढायचं. ५७३ अंशांना एक धोक्याचं वळण आहे. मातीतल्या गारेच्या कणांची आतली रचना या तापमानाला एकदम बदलते आणि ते फुगतात. इथं घाई केली की वाडग्याला तडा. (भट्टी थंड होताना हेच कण आकसतात, म्हणजे परतीच्या वाटेवर पुन्हा तेच वळण!)

हजारच्या पुढे गेलं की खरी मजा. आता दर काही मिनिटांनी लाकूड घालायचं, दिवसा आणि रात्रीही. तीन दिवस, चार दिवस, कधी त्याहूनही जास्त. झोप पाळीपाळीनं. लाकूड पाइनचं, फाडून वाळवलेलं; त्याची ज्वाळा लांब जाते. आतलं तापमान ओळखायचं ते रंगावरून: आधी मंद लाल, मग नारिंगी, मग पिवळं, आणि १२५० च्या आसपास डोळे दिपवणारं पांढरट. जोडीला मातीचे छोटे सुळके आत ठेवतात. ठरावीक उष्णता सोसली की ते मान टाकतात. हे सुळके जर्मनीत हेरमान झेगर यांनी १८८६ साली तयार केले, आणि आजही जगभर वापरतात. कारण तापमापक सांगतो भट्टी आत्ता किती तापली आहे. सुळका सांगतो मातीनं आतापर्यंत काय काय सोसलंय.

आणि मग तिसऱ्या रात्री भट्टी रुसते. तापमान समजा ११८० वर आलं आणि वर सरकेचना. आता सांगा, तुम्ही काय कराल?

“आणखी लाकूड घालू!” हो ना? चुकलात! जास्त लाकूड घातलं की निखाऱ्यांचा ढीग साठतो, हवेची वाट अडते आणि भट्टी उलट थंड होऊ लागते. चुलीत एकदम खूप सरपण कोंबलं की नुसता धूर होतो, हे तुमच्या आजीला विचारा. अशा वेळी कधी थांबावं लागतं, निखारे खाली बसू द्यावे लागतात, खालचं भोक थोडं उघडावं लागतं. कधी धुरांड्याची वाट जरा आवळावी लागते, तर कधी सैल करावी लागते. वारा फिरला, पाऊस आला, लाकूड किंचित ओलं निघालं, यातल्या कशानंही भट्टीचा नूर पालटतो. मागच्या खेपेला जे जमलं तेच तसंच केलं म्हणून या खेपेला जमेल असं नाही.

भट्टीत हवा कमी पडली की आणखी एक गोष्ट घडते. आगीला प्राणवायू लागतो. तो हवेतून मिळाला नाही तर ती मातीतल्या लोहाच्या गंजातून ओढून घेते! प्राणवायू गमावलेल्या लोहाचा रंग बदलतो. तांबूस छटा जाऊन करडी, काळी येते, आणि राखेच्या काचेत तेच लोह हिरवं दिसतं. तो हिरवा बीदोरो आला तो असा. म्हणजे राख हवी, ती वितळेल एवढी उष्णता हवी, ती पुरेसा वेळ टिकायला हवी आणि हवा नेमकी कमी हवी. चारांतलं एक हुकलं की संपलं. राख नीट वितळली नाही तर वाडगा पॉलिश पेपरसारखा खरखरीत निघतो. ओठाला लावायची सोय नाही. उष्णता जास्त झाली तर वाडगा मऊ पडून पेंगुळतो आणि शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकतो. मग दोघं जन्माचे चिकटले!

शेवटी तोंड बंद करून भट्टी लिंपून टाकायची. आणि वाट बघायची. जितके दिवस पेटवली, जवळजवळ तितकेच दिवस थंड व्हायला द्यायची. परीक्षा देऊन झाली, पेपर कपाटात बंद आहेत, आणि किल्ली तुमच्याच खिशात आहे, असं समजा. पण उघडायची नाही! गार हवा आत शिरली तर इतक्या दिवसांचं काम तडकणार.

कियोकोबाईंच्या भट्ट्यांमागून भट्ट्या वाया गेल्या. एकेका भट्टीला किती लाकूड लागतं याचा अंदाज तुम्हाला आता आलाच असेल, आणि ते लाकूड विकत आणायचं असे. प्रत्येक खेपेला प्रश्न तोच: लाकूड घ्यायचं की घर चालवायचं? शेजारीपाजारी विजेच्या आणि गॅसच्या भट्ट्यांत सुबक, एकसारखी भांडी भाजत होते आणि ती विकून सुखानं जेवत होते. त्यांना कियोकोबाई वेड्या वाटल्या असतील तर त्यांना तरी काय दोष द्यायचा?

पण ती हिरवी काच अखेर आली. नुसत्या राखेची, कुणी न रंगवलेली. शिगाराकीची ती हरवलेली झिलई परत आणणाऱ्यांमध्ये आज कियोकोबाईंचं नाव घेतलं जातं. २००५ साली त्यांच्या आयुष्यावर जपानी चित्रपटही निघाला.

भट्टी उघडल्यावर पहिली तपासणी कशी करतात, ठाऊक आहे? वाडग्याला बोटानं टिचकी मारून. पक्का भाजलेला असेल तर टणत्कार निघतो. आत बारीकशी चीर असेल तर आवाज बद्द येतो, मग ती चीर डोळ्यांना दिसो वा न दिसो. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतमंडळींची डोकी थोपटली आणि कोण पक्कं, कोण कच्चं ते सांगितलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. कुंभारांची ही रीत इथून जपानपर्यंत एकच! घरी कपबशीच्या कपाला आणि कुल्हडाला आलटून पालटून टिचकी मारून बघा. (कप आईचा आवडता नसेल याची आधी खात्री करून घ्या.)

तीन वाडगे

कियोकोबाईंचा मुलगा केनइची हाही कुंभारच झाला. पण आईच्या वाटेनं न जाता त्यानं वेगळंच वेड घेतलं: तेनमोकू वाडग्यांचं. तेनमोकू म्हणजे काळ्या, दाट झिलईचे वाडगे. मूळचे चीनचे. सोंग राजवटीच्या काळात (९६०–१२७९) चीनच्या फुजियान प्रांतात डोंगर चढत जाणाऱ्या लांबच लांब भट्ट्या होत्या. त्यांना ‘ड्रॅगन भट्टी’ म्हणतात. उत्खननात सापडलेली एक तर १३० मीटरहून लांब आहे! त्यांत एका वेळी हजारो वाडगे भाजले जात. इथं राख नको असायची, म्हणून वाडगे मातीच्या डब्यात बंद करून ठेवत. तरीही भट्टीनं आपली लहर दाखवलीच. झिलईत भरपूर लोह, उष्णता प्रचंड आणि थंड होण्याचा वेग दर खेपेला निराळा. त्यामुळे काही वाडग्यांवर सशाच्या केसांसारख्या रेघा उठल्या, काहींवर तेलाच्या थेंबांसारखे ठिपके.

आणि अगदी मोजक्या वाडग्यांवर उमटलं आकाश. काळ्या झिलईवर ठिपक्यांचे पुंजके, आणि प्रत्येक पुंजक्याभोवती निळं-जांभळं वलय. वाडगा फिरवला की सरकणारं. जपानी लोक त्याला ‘योहेन’ म्हणतात. मुळात या शब्दाचा अर्थ ‘भट्टीत झालेला बदल’. असे अखंड वाडगे आज जगात फक्त तीन मानले जातात. तिन्ही जपानमध्ये आहेत: एक तोक्योच्या सेइकादो संग्रहात, एक ओसाकाच्या फुजिता संग्रहालयात आणि एक क्योतोच्या दायतोकुजी मंदिराच्या आवारातल्या र्‍योकोइन मठात. तिघांनाही ‘राष्ट्रीय ठेवा’ हा दर्जा आहे. ज्या कुंभारांनी ते भाजले त्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत.

विसाव्या शतकात किती कुंभारांनी या निळ्या वलयामागे आयुष्य घातलं! झिलईत काय आहे हे शास्त्रज्ञांना तपासता येतं. पण त्या एका दिवशी, डोंगरावरच्या त्या एका भट्टीत, त्या एका डब्यात हवा किती होती आणि आग किती वेगानं उतरली, हे कसं कळणार?

केनइचीला मात्र फार वेळ मिळाला नाही. १९९० साली त्याला रक्ताचा कर्करोग झाला. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी जुळणारी अस्थिमज्जा मिळणं, आणि तशी देणाऱ्यांची नोंद ठेवणारी देशव्यापी यंत्रणा तेव्हा जपानमध्ये नव्हती. कियोकोबाईंनी भट्टी बाजूला ठेवली आणि लोकांना साद घातली. १९९१ च्या अखेरीस जपानमध्ये अस्थिमज्जेची सार्वजनिक बँक उभी राहिली. तिच्यासाठी झटलेल्या लोकांत कियोकोबाई होत्या. केनइची १९९२ मध्ये गेला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. त्यानंतरही कियोकोबाईंनी आजारी माणसांसाठीचं ते काम सोडलं नाही. आणि भट्टीही पुन्हा पेटवली.

योहेनची गोष्ट मात्र तिथंच थांबली नाही हं. २००९ साली चीनमधल्या हांगझोऊ शहरात खोदकाम चालू असताना जमिनीतून काही काळी खापरं निघाली. धुऊन पाहिली तर काय, काळ्यावर ठिपके आणि ठिपक्यांभोवती निळं वलय! खापरं जुळवल्यावर वाडग्याचा बराचसा भाग उभा राहिला; काही तुकडे मिळालेच नाहीत. तोपर्यंत चीनमध्ये योहेनचा एकही नमुना माहीत नव्हता. हांगझोऊ ही त्या काळची राजधानी. म्हणजे भट्टीतून निघालेला हा वाडगा तिथवर पोचला होता, कुणीतरी त्यातून चहा प्यायलाही असेल, आणि मग एके दिवशी कुणाच्या तरी हातून तो पडला.